दयारामकाकांचा रंग

भाविका, आधी तो फोन खाली ठेव आणि माझे डोळे बघ. लाल झालेत ना? अख्खा मे महिना मी विपुलभाईंच्या स्टुडिओत त्या स्क्रीनला चिकटून काढलाय, संध्याकाळी उठते तेव्हा समोरची वड्याची टपरी मला दोन-दोन दिसते. लग्नं संपतच नाहीत यार. ह्या वर्षी रेवसपासून मुरुडपर्यंत बिनलग्नाचं कोणी उरलंय असं वाटत नाही, आपण दोघी सोडून. हस, हस. पण मला सांगायचंय ते वेगळंच आहे, आणि तू मधे बोलू नको, नाहीतर माझी लिंक तुटेल.

तुला वाटतं मी तिथे फोटो काढते. सगळ्यांनाच वाटतं. फोटो काढायला विपुलभाई आणि साहिल जातात, काशीदला जोडप्यांना वाळूत पळवतात, फुगे सोडतात, ड्रोन उडवतात. मी आत पंख्याखाली बसून सगळ्यांना गोरं करते. खरंच सांगते, तेवढंच काम. नवरी गोरी, नवरी गोरी झाली की नवरा काळा दिसतो म्हणून तो गोरा, मग करवली रुसते, मग मामा. आणि मला कळतं ना, कारण मी आकडे बघते.

आकडे म्हणजे काय, थांब, सांगते. फोटो झूम करत करत गेलं ना, की शेवटी नाक-डोळे काही राहत नाही, नुसते चौकोन राहतात. प्रत्येक चौकोन एकाच रंगाचा. आणि त्याच्यावर माउस नेला की बाजूला तीन आकडे येतात, लाल किती, हिरवा किती, निळा किती. शून्यापासून दोनशे पंचावन्नपर्यंत. तिन्ही मोठे आणि सारखे असले तर पांढरा. तिन्ही लहान असले तर काळा. निळा कमी पडला की तो चौकोन पिवळा दिसायला लागतो. बस, एवढंच आहे, बाकी सगळं ह्याच्यावरच चालतं. तर मी सवयीने गालावर माउस नेते, आणि आमच्याकडून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक नवरीचा गाल सारखाच येतो. थळची असो, वरसोलीची असो, सगळ्यांना एकाच डब्यातला रंग. कंटाळा येतो गं. माणसं वेगळी येतात आणि माझ्या हातून एकसारखी होऊन जातात.

तर त्या दिवशी दुपारी, लाइट नुकतीच आली होती, हसुबाई काकी आल्या. तू बघितलं असशील त्यांना, जीवनची आई, तो कंटेनर चालवतो ना उरणला, त्याची. बरोबर त्यांचा दीर, चंदरकाका. पांढरी पँट, गळ्यात चेन, फोन कानाला. फोन कानाला ठेवूनच त्यांनी माझ्यासमोर एक फोटो टाकला.

"हा आमचा भाऊस. दयाराम. जीवनची हलद हाय, नाक्यावर बॅनर लावायचा हाय, वरती ह्याचा फोटो पायजे. कोट घाल. जरा उजल कर."

आता कोटाचं सांगते. आमच्याकडे एक कोटाची फाइल आहे. काळा कोट, लाल टाय, मान नाही. गेलेल्या माणसाचं डोकं आलं की त्या कोटावर बसवायचं. आपल्याकडच्या अर्ध्या स्वर्गवासी लोकांच्या अंगात तोच कोट आहे, घरोघरी जाऊन बघ, टायला डाव्या बाजूला एक सुरकुती आहे तीपण तीच. ज्या माणसाने जन्मात पायजमा आणि बनियन सोडलं नाही तोही मेल्यावर विपुलभाईंच्या कोटात.

मी फोटो उचलला. दसऱ्याचा होता. ट्रक उभा, बोनेटला झेंडूच्या माळा, पुढे बंपरवर फोडलेला नारळ, अगरबत्त्या, आणि बाजूला पांढऱ्या सदऱ्यात एक माणूस, छाती काढून, जसं काही ट्रक त्यानेच घडवलाय. पण फोटो सगळा निळा. वरती निळी ताडपत्री बांधलेली ना, तिच्यातून ऊन आलेलं, म्हणून माणूस निळा, ट्रक निळा, झेंडूपण कसेतरीच. 

मी म्हटलं, "होईल काका, परवा देते." चंदरकाका फोनवर बोलत बोलत बाहेर गेले. काकी तिथेच उभ्या राहिल्या. मला वाटलं पैशाचं विचारायचं असेल. तर त्या खुर्ची ओढून माझ्या बाजूला बसल्या आणि एकदम हळू आवाजात म्हणाल्या, "बाय, बॅनरचा तो करेल त्याला पायजे तसा. मना एक बारका फोटो देशील? कोट नको. गोरा नको."

"मग कसा पाहिजे, काकी?"

"व्हता तसा."

मी म्हटलं त्यात काय, देते ना. तर त्या म्हणाल्या, "तुना नाय समजला." आणि मग त्यांनी सांगितलं, आणि भाविका, मी तेव्हापासून नीट जेवले नाहीये. दयारामकाका काविळीने गेले. लवकर कळलं नाही, ट्रक घेऊन बाहेर होते, घरी आले तेव्हा डोळे पिवळे, नखं पिवळी. मग गावठी औषध, मग अलिबागला, मग मुंबईला, आणि शेवटी शेवटी अंग असं पिवळं की चादरीला रंग लागेल असं वाटायचं, असं त्या म्हणाल्या. जीवन तेव्हा लहान होता. आणि तेव्हापासून काकींना नवऱ्याचा चेहरा आठवतो, हसणं आठवतं, चालणं आठवतं, पण रंग आठवत नाही. 

"डोले मिटले ना, की पिवलाच येतो समोर," त्या म्हणाल्या. "लग्नातला आठवायला गेली, पिवला. ट्रकवर बसलेला आठवला, पिवला. ती दोन महिन्यांची काविल मागं मागं जाऊन माज्या सगल्या वर्षांना लागली. आता पोराची हलद हाय. घरभर पिवला व्हनार. मी त्याला कसा आठवू सांग."

घरात दुसरे फोटो नाहीत का, तर आहेत. लग्नातला आहे तो काळा-पांढरा. मतदानाच्या कार्डावरचा आहे, त्यात तर ते कोणीही असू शकतात. आणि भिंतीवरचा आहे तो आमच्यासारख्याच कोणीतरी गोरा केलेला. म्हणजे काका गेले, आणि त्यांचा रंग ह्या एका निळ्या फोटोत अडकलेला. त्याच्याखाली कुठेतरी.

मी एवढी पेटले ना. तुला माहितीये मी कशी आहे. मी म्हटलं, "काकी, मी काढते. तो रंग त्या फोटोत आहेच, फक्त वर निळं बसलंय. आकडे असतात, आकड्यांवरून निळं काढता येतं. शंभर टक्के काढते." त्यांनी माझ्या गालावर हात फिरवून बोटं मोडली स्वतःच्या कानशिलावर. आता ह्यानंतर कोण नाही म्हणेल?

काम सोपं आहे, म्हणजे मला तसं वाटलं. फोटोच्या सॉफ्टवेअरमध्ये एक ड्रॉपर असतो, थेंब टाकायच्या नळीसारखं चित्र. फोटोतली जी वस्तू खरोखर पांढरी आहे तिच्यावर तो ड्रॉपर ठेवून क्लिक करायचं. कॉम्प्युटर बघतो, अच्छा, हे पांढरं आहे म्हणतेस आणि आकडे तर निळीकडे झुकलेत, म्हणजे एवढी निळाई खोटी. मग तो तेवढी निळाई अख्ख्या फोटोतून काढतो. चेहऱ्यातून, हातातून, सगळीकडून. विपुलभाईंनी मला पहिल्याच दिवशी शिकवलेलं, "सफेद शर्ट पकडवानो, क्लिक करवानो, आगळ चाल." लग्नात कोणी ना कोणी पांढऱ्या शर्टात असतंच, म्हणून आमच्याकडे हेच चालतं. शर्ट पकड, पुढे जा.

तर मी संध्याकाळी सगळी लग्नं बाजूला ठेवून दयारामकाकांना स्क्रीनवर घेतलं. सदऱ्यावर माउस नेला. लाल एकशे साठ, हिरवा एकशे अठ्ठ्याहत्तर, निळा दोनशे अठ्ठावीस. म्हणजे बघ किती निळा. क्लिक केलं. सदरा स्वच्छ झाला, तिन्ही आकडे सारखे, एकशे एकोणनव्वद, एकशे एकोणनव्वद, एकशे एकोणनव्वद. मला एवढा आनंद झाला. मी चेहरा नीट बघितलापण नाही गं. म्हणजे बघितला, पण दिवसभर त्या गुलाबी नवऱ्या बघून बघून डोळ्यांना काही कळेनासं होतं, सगळंच बरोबर वाटतं. आणि आकडे सारखे आलेत म्हणजे बरोबरच असणार ना? प्रिंट काढली, पाकिटात घातली, दुसऱ्या दिवशी सकाळी स्कूटी काढून थेट त्यांच्या घरी.

घरात मांडवाची गडबड. ओटीवर बायका तांदूळ निवडतायत, अंगणात कान्हा मांडववाला बांबूवर चढून खाली उभ्या असलेल्या पोरांना शिव्या घालतोय. मला बघून एक म्हातारी म्हणाली, "ही कोनाची गो?" दुसरी म्हणाली, "फोटूवाली. तुजा काढून घे, गोरी करल." आणि सगळ्या हसल्या. मी पण हसले. काकी आतून हात पुसत आल्या, चुलीवर काहीतरी होतं, वड्यांचं पीठ लागलेलं हाताला. मी पाकीट दिलं.

त्यांनी फोटो काढला. बघितला. आणि पदर घेतला आणि फोटोवर टाकला. स्वतःच्या तोंडावर नाही, फोटोवर. जसं काही त्याला कोणी बघू नये.

"काय झालं काकी?"

"ह्यो दवाखान्यातला हाय," त्या म्हणाल्या.

मी फोटो घेतला हातातून, दारात उजेडात आणला, आणि भाविका, तेव्हा मला दिसलं. पिवळा. डोळ्यांचं पांढरं ते पिवळं, कपाळ पिवळं, ओठांच्या कडेला पिवळं. काल मला का नाही दिसलं? तगडा माणूस ट्रकपाशी छाती काढून उभा आणि तोंड काविळीचं. म्हणजे बाईला ज्यातून सुटायचं होतं ना, नेमकं तेच मी सुंदर पाकिटात घालून तिच्या दारात आणून दिलं, मुलाच्या लग्नाच्या तोंडावर.

मी सॉरी सॉरी म्हणत राहिले. त्या रागावल्यापण नाहीत. रागावल्या असत्या तर बरं. त्या म्हणाल्या, "तुजा काय चुकला नाय पोरी. त्याच्यावर तोच रंग बसलाय आता. दुसरा नसंल उरला." आणि म्हणाल्या, "बस, चा घे," आणि आत गेल्या. तो आवाज ना. थकलेला. वर्षानुवर्षं थकलेला, कोणाकडून काही मागायचंच सोडून दिलेला.

मी तिथे बसूच शकत नव्हते. तोंडावर पाणी मारायला म्हणून मागच्या पडवीतून परसात गेले. पाण्याची दगडी डोण, बाजूला बादली, आणि दोरीवर कपडे. लग्नाचे. जीवनचे, चंदरकाकांचे, पोरांचे, सगळे पांढरे शर्ट. ऊन एकदम डोक्यावर. मी तोंड धुतलं, वर बघितलं, आणि मला ते शर्ट पांढरे दिसेचनात. निळे दिसत होते गं. फिक्के, पण निळे. मला वाटलं गेले, डोळे गेले माझे. मग खाली बघितलं तर बादलीत पाणी शाईसारखं निळंशार.

नीळ! आपल्याकडे घालतात ना, पांढऱ्या कपड्यांना, शेवटच्या पाण्यात. माझी आईपण घालते. मी रोज घालते ते कपडे, आणि माझ्या डोक्यात आलं नाही.

मी धावत आत. "काकी, तुम्ही नीळ एवढी घालता? नेहमीच?"

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "मंग? पांढऱ्या कपऱ्याला नील नको? लोकांचे कपरे बघ, पिवले परतात."

"काकांच्या सदऱ्याला पण?"

"त्याला तर दोन थेंब जास्त. ट्रकवर जायचा, धूल, तेल. मी बोलायची, लोकांच्या नवऱ्यासारखा मलका नको दिसायला."

भाविका, कळलं का तुला? अगं, सदरा पांढरा नव्हताच! तो निळा होता. थोडा ताडपत्रीमुळे निळा आणि थोडा काकींच्या हातामुळे निळा. मी कॉम्प्युटरला सांगितलं हा पांढरा आहे. त्याने काय केलं, ताडपत्रीची निळाई काढली आणि काकींची पण काढली, अख्ख्या फोटोतून, काकांच्या चेहऱ्यातून पण. चेहऱ्यात तर नीळ नव्हती ना. चेहऱ्यातून जास्तीचं निळं गेलं म्हणून तो पिवळा पडला. हे मी काकींना सांगायला गेले, एका दमात, हात हलवून हलवून, आणि त्यांनी अर्धं ऐकलं आणि एवढंच विचारलं, "म्हंजे मी नील घातली म्हनून तो पिवला झाला?"

मी हलवणारे हात खाली घेतले. कारण ते त्यांनी कसं विचारलं ना, ते फोटोबद्दल नव्हतं.

मी म्हटलं, "नाही काकी. मी चुकीच्या जागी हात लावला. अजून एकदा करू द्या." म्हातारी ओटीवरून ओरडली, "अगो हसू, वऱ्यांचा पीठ बघ," आणि त्या उठून गेल्या. मी फोटो तिथे नाही ठेवला. घेऊन आले.

स्टुडिओत विपुलभाई पेटलेले. "ए रुचिका, पेला चौलवाळानो आल्बम क्यां छे? नवरी रोज फोन करते मला." मी म्हटलं दोन मिनिटं द्या. त्यांनी स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाले, "आ तो मरी गयो छे ने? एने शु घाई? जिवंत लोकांचं कर पहिले." तसे वाईट नाहीत ते. त्यांनाही झोप नाही. ते सगळं सामान उचलून दुसऱ्या हळदीला निघून गेले आणि मी फोटो परत निळा केला. मूळचा, ताडपत्रीखालचा.

आता पांढरं शोधायचं. खरं पांढरं, जे काकींच्या बादलीतून गेलेलं नाही. दात? दात पांढरे नसतात, आणि काका तंबाखू खायचे. ट्रकवरची अक्षरं? रंगवलेली, कोणी सांगावं कोणता पांढरा. डोळे? तेच तर सिद्ध करायचंय. मी झूम करून करून सगळा फोटो फिरले, चौकोन चौकोन, मानेला रग लागली, पंखा परत बंद पडला. माळा, अगरबत्ती, टायर, चपला. आणि मग बंपर. बंपरवर नारळ. फोडलेला, वाटी वर तोंड करून ठेवलेली, आत ओलं खोबरं.

खोबऱ्याला कोण नीळ घालतं? 

वाटी बारीक होती, झूम केल्यावर हाताच्या पंज्याएवढी. कडेचे चौकोन सोडले, करवंटीची सावली सोडली, मधल्या चौकोनांवर माउस नेला. लाल एकशे बहात्तर, हिरवा एकशे चौऱ्याऐंशी, निळा दोनशे सहा. निळा होताच, पण सदऱ्याइतका नाही. ही नुसत्या ताडपत्रीची निळाई. ताजा नारळ अलिबागला फोडा नाहीतर अमेरिकेत, आतून पांढराच. क्लिक.

सदरा निळसरच राहिला. राहूदे म्हटलं, तो तसाच होता. मग डोळ्यांवर गेले. एकशे एक्याऐंशी, एकशे एकोणऐंशी, एकशे शहात्तर. जवळजवळ सारखे. म्हणजे पांढरे. निरोगी माणसाचे पांढरे डोळे. आणि गाल, एकशे सात, एकोणऐंशी, चौसष्ट. काळे होते गं. चांगले तुकतुकीत काळे, उन्हातले, गालाच्या हाडावर चमक. असा आकडा मी त्या स्क्रीनवर कित्येक दिवसांत बघितला नव्हता, कारण असा आकडा आला की आम्ही तो बदलतो. मी काहीच केलं नाही. पिंपल काढला नाही, सुरकुती काढली नाही. नुसती बसून राहिले बघत. पण ह्या वेळी मी स्क्रीनवर विश्वास ठेवला नाही. प्रिंट काढली, बाहेर रस्त्यावर नेली, उन्हात बघितली, सावलीत बघितली, टपरीवाल्याला दाखवली. तो म्हणाला, "कोण आहे? ड्रायव्हर वाटतो." मी म्हटलं, बास.

काकींच्या घरी गेले तर चंदरकाका अंगणात. नाक्यावर त्यांचा बॅनर लागलेला होता, आमच्याच स्टुडिओतून गेलेला, मी येताना बघितला, कोट, टाय, गुलाबी गाल, खाली शुभेच्छुकांची तीस डोकी. मला बघून म्हणाले, "काय आनलास?" आणि माझ्या हातातून फोटो घेतला. 

"अरे? येवरा काला? बाय, मशीन बिघरलाय काय तुजा?"

जीवन आला, हातात हारांची पिशवी. त्याने मान वाकडी करून बघितलं. "बाबा असे होते?"

"नाय रे," चंदरकाका म्हणाले, "आमच्या घरान्यात येवरा काला कोन नाय."

आणि ते स्वतः, भाविका, तव्यासारखे. उघड्या छातीवर सोन्याची चेन चमकतेय. मला हसू यायला लागलं आणि रडूपण, कारण मला कळेना आता हा माणूस फोटो आत नेऊ देतो की नाही. जीवन म्हणाला, "काका, आयला बघू दे." तो लहान होता ना बाबा गेले तेव्हा, त्याला काहीच आठवत नाही. त्याच्यासाठी बाप म्हणजे भिंतीवरचा गुलाबी माणूस. तो माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "तिला परत त्रास होईल असं काय नाय ना ह्याच्यात?" मला शंभर टक्के म्हणावंसं वाटलं. नाही म्हटलं. म्हटलं, "माहीत नाही."

काकी मागच्या दारात बसलेल्या. फोटो घेताना पहिल्यांदा त्यांनी बघितलाच नाही, उलटा धरला मांडीवर. म्हणाल्या, "नाय झाला तरी चालंल गो. तू किती येरझारा घालशील." मग सरळ केला.

कितीतरी वेळ त्या नुसत्या बघत. चेहऱ्यावर काहीच नाही. उजेडाकडे धरला, जवळ घेतला, लांब धरला. स्वतःचा हात शेजारी लावला. जीवन दाराला टेकून उभा. मला वाटलं गेलं, हेपण नाही. कोणाचा तरी भलताच चेहरा आणला मी, ह्यांना ओळखीचा नाही.

मग त्यांचं बोट सदऱ्यावर गेलं. खिशाच्या खाली, उजव्या बाजूला. तिथे एक काळपट डाग होता. मी बघितलेला, मी म्हटलं सावली असेल.

"हा बघ," त्या म्हणाल्या. आणि आवाजच बदलला गं. एकदम चढला. "हा बघ! ग्रीसचा हात पुसलास ना? दसऱ्याच्या दिवशी? सकाली धुतलेला सदरा, माजी बोटा सोलून निघाली घासून घासून, नि तू हात पुसलास! चिंधी नव्हती ट्रकमदी? दहा वेला सांगितला, चिंधी ठेव, चिंधी ठेव. नि उभा कसा राह्यलाय, जसा काय राजा. हसतोस काय? काल्या, हसतोस काय!"

जीवन पुढे झाला, "आये..." म्हणून. त्यांनी त्याला हाताने बाजूला सारलं, जसं दोन मोठी माणसं बोलत असताना पोराला सारतात.

"नि टोपी कुठं हाय? उन्हात बिनटोपीचा. मी दिली व्हती ना डब्याबरोबर? हरवलीस. परत हरवलीस."

ओटीवरच्या बायका उठून आत डोकावायला लागल्या. कान्हापण बांबूवरून वाकून बघायला लागला. काकी बोलतच होत्या, त्या टोपीवरून डब्यावर गेल्या, डब्यावरून कुठल्यातरी चौलच्या जत्रेवर, की तिथे ह्याने त्यांना दोन तास उभं ठेवलं आणि स्वतः मित्रांबरोबर बसला. सगळं त्या फोटोला. मान हलवून, बोट दाखवून. मी उठले. माझ्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. चप्पल घालून बाहेर आले तरी मागून आवाज येत होता, आणि मला स्कूटी चालू करावीशी वाटेना, कारण मग तो ऐकू आला नसता.